बाय, सकाळी माझा काय कापतले?

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. वॉर्डातले मोठे दिवे मालवून मी शेवटची फेरी मारत होते. खिडकीकडच्या खाटेवरच्या बाईने पदराखालून हात काढून माझं मनगट धरलं. वय पन्नाशीचं, मालवण भागातली, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणारी. सकाळी पहिल्या नंबरला तिचं ऑपरेशन पोस्ट होतं. फाईल पुरी होती. रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, फिजिशियनचा फिटनेस, सगळं जागच्या जागी. संमतीपत्रही होतं, त्यावर मुलाची सही. ती हळूच म्हणाली, "बाय, सकाळी माझा काय कापतले?"

गर्भाशय काढायचं होतं. तिला वाटत होतं, पोटातली गाठ तेवढी काढणार. डॉक्टर मुलाशी बोलले होते. मुलाने घरी येऊन, "गाठ आसा, काढूची लागतली," एवढंच सांगितलं होतं. पुढे काय सांगणार तो? आपल्याकडे जन्म दिलेल्या आईशी मुलगा पिशवीबद्दल बोलत नाही, तिची जीभही तिथे अडते आणि त्याचीही. खोटं कोणीच बोललं नव्हतं. तरीही ज्या बाईच्या पोटावर सुरी चालणार होती, तीच एक त्या सगळ्या बोलण्याच्या बाहेर राहिली होती.

मी परिचारिका म्हणून एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या रुग्णालयांत. संमतीपत्रावर सह्या मीच घ्यायचे. "इथे सही करा, इथे नाव, इथे नातं." किती हजार वेळा म्हटलं असेन. त्या रात्रीनंतर ते वाक्य मला पूर्वीसारखं सहज म्हणता आलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री माणसाला जी भीती ग्रासते, तिचा मोठा भाग आपण, म्हणजे रुग्णालयाने आणि घरच्यांनी मिळून, गप्प राहून तयार केलेला असतो. आणि मग त्याच भीतीचं कारण पुढे करून आपण त्याला काही सांगत नाही. हा लेख त्या गप्प राहण्याविरुद्ध आहे.

त्या बाईची संध्याकाळ कशी गेली होती ते आधी सांगते. सुनेला जवळ बसवून तिने निरवानिरव केली होती. कोणाकडे किती पैसे यायचेत, कोणाचे द्यायचेत, तांदळाच्या डब्यात तळाशी काय ठेवलंय, नातीच्या कानातलं कुठे गहाण आहे. मग आमच्या एका सिस्टरने येऊन सांगितलं, सकाळी मंगळसूत्र आणि बांगड्या काढून घरच्यांकडे द्या. का, ते सांगितलं नाही. दिवसाला आठ-दहा जणांना तेच सांगायचं असतं, कारण सांगायचं राहून जातं. पण हिरव्या बांगड्या आणि मंगळसूत्र उतरवायला सांगणं म्हणजे कोकणातल्या सवाष्ण बाईच्या मनात काय येतं, हे मी वेगळं लिहायला नको. तिला वाटलं, हे लोक मला परत पाठवायचं धरूनच चाललेले नाहीत.

मी तिच्या खाटेवर बसले आणि सांगितलं. आत रक्त थांबवायला विजेवर चालणारं एक यंत्र वापरतात, अंगावर धातू असला तर तिथे चटका बसायची भीती असते. हाताला सलाईन लागतं, हात सुजला तर बांगडी रुतते, मग ती फोडावी लागते. त्यापेक्षा आधी काढलेली बरी. काळी पोत नुसत्या दोऱ्यात ओवून गळ्यात ठेवता येईल, आणि काचेची एक बांगडी हवीच असली तर तिच्यावर पट्टी गुंडाळू. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मंगळसूत्राची गाठ सोडली, वाट्या काढून सुनेच्या हातात दिल्या, आणि काळे मणी तेवढे दोऱ्यात ओवले. त्या अर्ध्या तासात तिची नाडी मोजली असती तर उतरलेली दिसली असती, याची मला खात्री आहे.

सकाळी मी सर्जनना फोन केला. ते चांगले होते, असंच म्हणायला हवं. चिडले नाहीत. नंबर पुढे ढकलला, स्टूल ओढून तिच्यापाशी बसले, कागदावर पोटाचं चित्र काढून पिशवी कुठे, गाठी कुठे, काय काढणार, काय ठेवणार ते सांगितलं. दुसरे इलाज काय, नाहीच काढलं तर काय होईल, तेही सांगितलं. ऐकून तिने एकच प्रश्न विचारला. "मगे पाटी कधी उचलूक गावतली?" डॉक्टर म्हणाले, निदान सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. तिचा चेहरा उतरला. ऑक्टोबर संपत आला होता, मासळीचे दिवस ऐन भरात होते. ती म्हणाली, "माका आधी कोणी सांगला असता, तर बंदीच्या दिवसात करून घेतला असता."

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत पाटी तशीही कमीच उचलायची असते. ऑपरेशन तातडीचं नव्हतंच. गाठी वर्षभर होत्या, औषधांवर रक्तस्राव आटोक्यात होता. म्हणजे या बाईला दोन वाक्यं आधी सांगितली असती, तर तिने आपलं ऑपरेशन आपल्या आयुष्यात नीट बसवलं असतं. मुलाने मुंबईहून रजा काढली होती, घरातली सगळी जुळवाजुळव झाली होती, म्हणून ती तयार झाली. ऑपरेशन छान झालं. पण सहा आठवड्यांचं उत्पन्न बुडालं ते बुडालंच. 'जोखीम' म्हटलं की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलेचे त्रास येतात. तिची सगळ्यात मोठी जोखीम त्या यादीत नव्हती. ती फक्त तिला ठाऊक होती, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून मी म्हणते की संमती ही माहिती देण्याएवढीच माहिती घेण्याचीही गोष्ट आहे.

आमच्या भागात मोठ्या कामाआधी देवाला कौल लावतात. या घरानेही लावला होता. तुमची श्रद्धा असो वा नसो, त्यातली एक रीत पाहण्यासारखी आहे. गुरव गाऱ्हाणं घालतो ते मोघम नसतं. कोणाचं काम, कसलं काम, कुठे करायचं, कोणाच्या हातून करायचं, सगळं मोठ्याने, चार माणसांसमोर बोललं जातं आणि मागून "व्हय म्हाराजा" उठतं. हे इथेच करायचं की गोव्याला बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं, हा वेगळा प्रश्न. आता करायचं की गणपतीनंतर, तो आणखी वेगळा. एका प्रश्नाला एक कौल. देवाला चिकटवलेला कळा पडेपर्यंत थांबायचं. डावा पडला, म्हणजे नकार आला, तर प्रश्न फिरवून विचारायचा. कोणी घाई करत नाही. आमच्या माणसांना विचारण्याची आणि उत्तराची वाट पाहण्याची एवढी चांगली सवय आहे. रुग्णालयाच्या दारात मात्र त्यांच्या हातात एक छापील कागद येतो, बऱ्याचदा इंग्रजी, आणि बोट ठेवून सांगितलं जातं, इथे.

कायदा काय म्हणतो, ते थोडं मांडते, कारण तो रुग्णांनाच काय, आम्हा काम करणाऱ्यांनाही कोणी नीट शिकवला नव्हता. समीरा कोहली खटला यात मैलाचा दगड आहे. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित बाई अतिरक्तस्रावाच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे गेली. दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय, बीजकोश आणि बीजनलिका काढल्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. सज्ञान आणि समजदार बाई तात्पुरती भुलेखाली असली, तर तिच्या ऐवजी आईची संमती चालत नाही. जिवावर बेतलं नसेल तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबा आणि तिला विचारा. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नाही, हेही न्यायालयाने सांगितलं. आणि काय काय सांगायला हवं, त्याची चौकट घालून दिली: उपचार काय आणि कसा, त्याचा हेतू आणि फायदा, दुसरे पर्याय, मोठे धोके, आणि उपचार नाकारला तर काय.

मालवणच्या त्या बाईच्या मुलाने सही केली होती. समीरा कोहलीच्या आईने केली होती. मला दोन्हींत फारसा फरक दिसत नाही.

याची मुळं आमच्या नियमांतही आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेत ऑपरेशनपूर्वी लेखी संमती घ्या असं सांगणारं कलम आहे. ते वाचा. नवरा किंवा बायको, अज्ञान मूल असेल तर आईबाप किंवा पालक, 'अथवा रुग्ण स्वतः', असा त्याचा क्रम आहे. रुग्ण शेवटी! ज्याच्या शरीराचा प्रश्न, त्याला रांगेत शेवटी उभं केल्यावर वॉर्डातल्या सिस्टरने "नातेवाईक कोण आहे?" असं आधी विचारलं, तर तिला किती दोष द्यायचा?

कोकणात या सवयीला चाकरमान्यांमुळे वेगळीच धार येते. घरातला कर्ता पुरुष मुंबईत. बाई गावात, सासू गावात, म्हातारा गावात. पेशंट समोर खाटेवर, शुद्धीत, चांगला बोलतोय, आणि आम्ही मुलगा रातराणीने येईपर्यंत थांबतोय. कधी फोन स्पीकरवर लावून डॉक्टर मुंबईशी बोलतात आणि पेशंट आढ्याकडे बघत पडून असतो. मुलगा विचारतो, "डॉक्टर, शंभर टक्के खात्री आहे ना?" त्याला कोणतं उत्तर मिळतं ते खाटेवरचा माणूस अर्धवट ऐकतो आणि उरलेलं स्वतः भरून काढतो. भीतीला याहून चांगलं खतपाणी मिळणार नाही. सज्ञान माणसाची स्वतःची सही पुरते. नातेवाईक सोबतीला हवा, धीराला हवा, रक्ताची सोय करायला हवा. त्याच्या परवानगीसाठी बाईचं ऑपरेशन अडवून धरायचं काही कारण नाही.

आता भीतीकडे वळते, कारण खरा वाद तिथेच आहे. आमच्यातले अनुभवी डॉक्टर सांगतात, सगळं सांगितलं तर पेशंट घाबरेल, बीपी वाढेल, ऑपरेशनच नको म्हणेल. समीरा कोहली निकालातही म्हटलं आहे की अगदी दूरचे, क्वचितचे धोके सांगून रुग्णाला घाबरवण्याची गरज नाही. ते मला पटतं. लाखात एखाद्याला होणाऱ्या गोष्टींची यादी रात्री दहा वाजता वाचून दाखवणं ही काळजी नाही. पण या एका वाक्याच्या आडून आम्ही सगळंच न सांगायला शिकलो.

सांगितल्याने भीती वाढते की उतरते, याचा शोध फार पूर्वी घेतला गेला आहे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या भूलतज्ज्ञांनी पोटाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या ९७ रुग्णांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध केला. निम्म्या जणांना भूलतज्ज्ञाने आदल्या रात्री भेटून दुखण्याबद्दल मोकळेपणाने सांगितलं होतं. कुठे दुखेल, किती दिवस दुखेल, स्नायू आखडल्याने कसं दुखतं, कुशीवर वळताना हातापायांचा आधार कसा घ्यायचा. या रुग्णांना नंतर गुंगीची वेदनाशामकं जवळजवळ निम्मीच लागली. कोणाला काय सांगितलंय हे सर्जनना ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी या रुग्णांना सरासरी अडीच दिवसांहून अधिक आधी घरी सोडलं. एक पैशाचं औषध जास्तीचं दिलेलं नव्हतं. स्टूल ओढून बसणं आणि खरं सांगणं, एवढंच.

उलट बाजूही मांडायला हवी. शब्द इजा करतात. २०१० साली अमेरिकेतच बाळंतपणासाठी आलेल्या १४० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठीत बधिरतेची सुई देताना काहींना म्हटलं, मोठी मधमाशी चावल्यासारखं वाटेल, सगळ्यात वाईट भाग हाच. बाकीच्यांना म्हटलं, ही जागा बधिर करतोय, म्हणजे तुम्हाला त्रास होणार नाही. सुई तीच. पहिल्या गटाने दुखणं दहात पाच सांगितलं, दुसऱ्याने तीन. मला यातून 'सांगू नका' हा धडा दिसत नाही. दोन्ही गटांना सांगितलंच होतं की! कसं सांगायचं हे कौशल्य आहे आणि ते टाके घालण्याइतकंच शिकावं लागतं, हे दिसतं.

ते कौशल्य मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याकडे एक भूलतज्ज्ञ यायचे. संध्याकाळी सहाच्या सुमारास वॉर्डात फेरी मारायचे, उद्याच्या प्रत्येक पेशंटपाशी पाचेक मिनिटं बसायचे. पाठीतल्या सुईची भीती सगळ्यांना. गावात एकच ऐकलेलं असतं, पाठीत सुई घेतली की जन्माची कंबर जाते. ते पेशंटला उठून बसवायचे, पोटाशी उशी धरायला द्यायचे, पाठ कशी वाकवायची ते करून घ्यायचे. सुई दाखवायचे. ती शिवणाच्या सुईहूनही बारीक असते हे पाहून अर्धी भीती तिथेच जायची. मग सांगायचे, पाय आधी गरम वाटतील, मुंग्या येतील, मग जड होतील, मग आपले नाहीतच असं वाटेल. घाबरायचं नाही, दोनतीन तासांत ते परत येतात. आत ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळेल, दुखणार नाही. आवाज ऐकू येतील, ट्रेमध्ये हत्यारं ठेवल्याचे. मी तुमच्या डोक्यापाशी उभा असेन. एकदा एका म्हातारीने त्यांना थांबवून विचारलं, "पाय परत येतले मा, नक्की?" ते म्हणाले, "आजी, पहिला अंगठा हलेल तेव्हा मला हाक मारा." दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला तिने वॉर्ड दणाणून सोडला.

आणि ते डॉक्टर काही लपवायचे नाहीत. पाठीतल्या सुईनंतर काहींना, तरुण बायकांना जास्त, उठून बसलं की डोकं दुखतं, तेही सांगायचे. आधी सांगितलेलं डोकेदुखीचं दुखणं माणूस निमूट सोसतो, विचारतो, औषध घेतो. न सांगितलेलं दुखणं झालं की त्याला वाटतं, डॉक्टरने काहीतरी बिघडवलं. रुग्णालयात होणाऱ्या भांडणांतली किती भांडणं या एका फरकातून पेटतात, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

कारण न सांगता दिलेली सूचना पाळली जात नाही, हाही रोजचा अनुभव. उपाशी राहा म्हणायचं, का ते सांगायचं नाही. हर्नियाच्या एका पोराला आजीने सकाळी सहाला घावणे भरवले. पोर रात्रीपासून उपाशी, तिचा जीव तुटला. ऑपरेशन रद्द. तिला कोणी सांगितलं होतं का, की भुलेत घशाची राखण सुटते, पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं? तेवढं सांगितलं असतं तर तीच आजी दाराशी पहारा देऊन बसली असती. उलट दुपारी एकच्या ऑपरेशनला रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, असेही पेशंट मी पाहिले आहेत. हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि स्वच्छ पातळ पदार्थानंतर दोन तास, असा जगभरचा नियम आहे. साखर घातलेला कोरा चहा अकराच्या आत देता आला असता. तहानेने कोरड पडलेलं तोंड आणि धडधडणारं काळीज, यातलं काय भुकेचं आणि काय भीतीचं, हे त्या माणसालाही कळत नाही.

संमतीपत्राच्या मजकुराबद्दल मला रागच आहे, तो लपवत नाही. 'काही बरेवाईट झाल्यास त्यास डॉक्टर वा रुग्णालय जबाबदार राहणार नाही.' हे वाक्य मी किती नमुन्यांत पाहिलं! ते कायद्याने डॉक्टरला वाचवत नाही. हलगर्जी झाली असेल तर कोणतीही सही ती माफ करत नाही. मग ते वाक्य करतं काय? रात्री आठ वाजता एका घाबरलेल्या माणसाला सांगतं की तुझी जबाबदारी आम्ही घेत नाही. ते वाचून तो सही करतो, कारण दुसरा रस्ता नसतो. त्यात मधुमेह, हृदयविकार असला तर वेगळं 'हाय रिस्क' लिहून घेतात. किती हाय, कशामुळे, आणि त्यावर आम्ही काय तयारी केली आहे, हे त्या कागदावर नसतं. फक्त धोका त्याच्या नावावर चढवलेला असतो. जुन्या दंड संहितेच्या कलम ९० मध्ये, आताच्या न्याय संहितेच्या २८ मध्ये, भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असं म्हटलं आहे. त्यातली 'भीती' म्हणजे इजेची धास्ती, वॉर्डातली धडधड नव्हे, हे मला कळतं. पण गैरसमजाचं काय? पिशवी जाणार हे ठाऊक नसलेल्या बाईने स्वतः अंगठा उठवला असता, तरी तो कसला अंगठा?

डॉक्टरांची बाजू मला परकी नाही. कोकणातल्या छोट्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ पूर्णवेळ नसतो. तो सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या, आणि पेशंटला पहिल्यांदा भेटतो ते टेबलावरच. सर्जनही कधी कोल्हापूरहून ठरलेल्या वारी येतो. ओपीडीत शंभर माणसं, घाटात अडकलेली रुग्णवाहिका, वीज गेलेली. वर मारहाणीची भीती. २०१० साली महाराष्ट्राने त्यासाठी वेगळा कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, याचा फलक प्रत्येक रुग्णालयात ठळक लावलेला असतो, आणि तो लावावा लागतो याचं मला दुःख आहे. २०२१ च्या दुरुस्त नियमांनी खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनदही लावायला सांगितली आहे. तीही त्याच भिंतीवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवी. दोन्ही फलक एकाच गोष्टीबद्दल आहेत. माणूस डॉक्टरवर हात उगारतो त्याच्या आधी बरेच तास त्याला कोणी काही सांगितलेलं नसतं.

वेळ नाही, हे कारण मात्र मी मान्य करत नाही. वेळ कसा काढायचा हे सर्वोच्च न्यायालयानेच एकदा सांगून ठेवलं आहे. बिहारमधल्या अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत नसबंदी शिबिर झालं. एका सर्जनने रात्री दोनेक तासांत ५३ बायकांची ऑपरेशन्स केली. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सप्टेंबर २०१६ च्या निकालाने बजावलं की बाईला तिच्या भाषेत सगळं समजावून सांगा, आणि मग पुन्हा विचार करायला साधारण तासभर उसंत द्या. एक तास. नसबंदीला जर तासाची उसंत हवी, तर पिशवी, स्तन, पित्ताशय, गुडघा यांना का नको?

माझं मागणं फार मोठं नाही. ऑपरेशन ठरतं त्या दिवशी, ओपीडीतच, मराठी कागद पेशंटच्या हातात द्या. घरी नेऊ दे, सुनेकडून वाचून घेऊ दे, कौल लावायचा तर लावू दे, पण पुरी माहिती घेऊन लावू दे. भरती झाल्यावर सिस्टरने अर्धा तास बसावं, आणि त्या अर्ध्या तासाची ड्यूटी-चार्टवर नोंद असावी, इंजेक्शनसारखी. शेवटी, "कळलं का?" विचारू नये. त्यावर सगळे हो म्हणतात. "आता मला सांगा, उद्या काय करणार आहेत?" असं विचारावं. मग जे उत्तर येतं त्यातून कळतं आपण काय सांगितलं ते. सही पेशंटची आधी. नातेवाइकाची खाली, साक्षीदार म्हणून.

"तिला काही सांगू नका, ती खचेल," असं म्हणणारी घरं असतात, विशेषतः कॅन्सरमध्ये. त्यांचं प्रेम खोटं नसतं. आणि काही पेशंटना खरोखरच ऐकायचं नसतं, तोही त्यांचा हक्क आहे. पण तो त्यांनी स्वतः सांगायला हवा. "किती सांगू तुम्हाला?" हा प्रश्न तिलाच विचारायचा, दारामागे उभ्या असलेल्या मुलाला नाही. मी विचारून पाहिलं आहे. बहुतेक बायका म्हणाल्या, सांगा. एक म्हणाली, माझ्या बहिणीला सांगा, ती मला बेताबेताने सांगेल. तेही उत्तरच होतं.

गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी बाकावर आम्ही नऊजण, प्रत्येकाच्या कपाळावर चिकटपट्टी, त्यावर डावा की उजवा ते लिहिलेलं. एक मुलगा फॉर्म वाटत आला. इंग्रजी. मी चष्मा चढवून वाचायला लागले. तो म्हणाला, "मॅडम, सगळे करतात, रुटीन आहे." मी म्हटलं, बाळा, मला दहा मिनिटं लागतील. शेजारी एक आजोबा बसले होते, सदऱ्याच्या खिशात एसटीचं सवलतीचं कार्ड. ते बराच वेळ माझ्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "बाय, तेच्यात काय लिवलेला आसा?"

मी त्यांना मराठीत वाचून दाखवायला लागले. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला. "म्हणजे डोळो उघडो ठेवन करतत? मी जागो?" मी म्हटलं, हो आजोबा, थेंब घालून बधिर करतात, हत्यार दिसत नाही, उजेड तेवढा दिसतो. हलायचं मात्र नाही. त्यांनी थोडा विचार केला. खोकला होता त्यांना, सकाळपासून मी ऐकत होते. "आणि मधीच खोकलो इलो तर?"

याचं उत्तर मी देणं बरोबर नव्हतं. तसं त्यांना सांगितलं. त्यांनी फॉर्मची घडी घातली, एसटीच्या कार्डामागे खिशात सरकवली, आणि मुलगा पेन घेऊन पुढे आला तेव्हा म्हणाले, "आधी डॉक्टरांका इचारतंय. मगे सही."